चाचांचा कच्चा पंचनामा

चाचांना खाडाखोड सहन होत नसे. एक अक्षर चुकलं तरी ते अख्खं पान नव्याने लिहीत. आमच्या ग्रंथालयाच्या नोंदवहीत आल्याची वेळ लिहायची असते. बाकीचे लोक तिथे काहीतरी गिरबटून पुढे जातात. चाचा खिशातून स्वतःचं पेन काढत, टोपण मागे लावत, मनगट टेकवत आणि 'सकाळी ११.१०' एवढंच असं लिहीत की ते छापलेलं वाटावं. एकदा ऐन वेळी लाईट गेली आणि त्यांचं शून्य तिरकं पडलं. दुसऱ्या दिवशी आल्या आल्या त्यांनी मला विचारलं, "भाऊ, हे पान बदलता येईल का?"

"नोंदवहीचं पान कसं बदलणार, चाचा? त्यावर वीसबावीस जणांच्या सह्या आहेत."

त्यांनी त्या शून्यावरून नख फिरवून पाहिलं. मला तेव्हा गंमत वाटली होती. आता ती आठवण आली की राग येतो. तो नक्की कोणाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

धुळ्याला न्यायालयाच्या आवारात वकिलांसाठी एक ग्रंथालय आहे. मी तिथला ग्रंथपाल. चाचा पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांची बरीचशी नोकरी साक्री तालुक्यात गेली आणि तीही 'रायटर' म्हणून. म्हणजे तपास करणाऱ्या साहेबाच्या शेजारी बसून जबाब, पंचनामे, जप्तीचे कागद लिहिणारा माणूस. त्यांच्या वडिलांचा जुन्या धुळ्यात पत्र्याच्या पेट्या बनवण्याचा धंदा होता. घरात हिंदी, गल्लीत अहिराणी आणि कागदावर असं मराठी की शाळेतल्या गुरुजींनी शिक्षा म्हणून नव्हे, हौसेने फळा त्यांच्याकडून लिहून घ्यावा.

पंचनामे लिहून लिहून त्यांची बोलण्याची पद्धतही तशीच झाली होती. डब्यात काय आणलं असं विचारलं की म्हणायचे, "वरचा कप्पा, बाजरीची भाकर, दोन नग. खालचा कप्पा, वांग्याची भाजी, स्थिती ओली." मी मूळचा यावलचा, हे कळल्यापासून त्यांना माझी चेष्टा करायला कायमचा विषय मिळाला. माझं अक्षर मोठं आणि पसरट आहे. ते पाहून म्हणायचे, "तुमच्या जळगाव जिल्ह्यात लहानपणी केळीच्या पानावर गिरवतात का? जागेची काही कमी नाही म्हणून?"

पण ते चेष्टेसाठी ग्रंथालयात येत नव्हते. पहिल्या दिवशी ते आले तेव्हा हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक निकाल होता. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचा, इंग्रजीत. त्यांनी तो माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "यातला बाविसावा परिच्छेद मला समजावून सांगाल? बाकीचा समजला."

खटला पिंपळनेरजवळच्या एका गावातला होता. जिजाअक्का नावाच्या विधवा बाईची एकुलती एक मुलगी सुनंदा तिथे दिलेली होती. एक दिवस ती नवऱ्याबरोबर शेतात गेली आणि परत आली नाही. दोन दिवसांनी नाल्यात तिचं प्रेत सापडलं, मानेवर कोयत्याचे घाव. मारताना पाहणारा कोणी नव्हता. नवरा त्या दोन दिवसांत गावातून नाहीसा झाला होता. पकडल्यावर त्याने पोलिसांना आणि पंचांना बांधावर नेऊन लपवलेला कोयता काढून दिला. धुळ्याच्या कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. त्याने अपील केलं. सहा वर्षांनी अपिलात तो निर्दोष सुटला.

अशा, कोणी न पाहिलेल्या गुन्ह्याचा पुरावा म्हणजे काय, हे मला पुस्तकांवरून माहीत होतं. कळलं मात्र चाचांकडून. त्यांनी माझ्या टेबलावरच्या पाच यू-पिना घेतल्या आणि एकीत एक अडकवल्या. "ही पहिली, दोघं शेताकडे जाताना शेजारणीने पाहिलं. ही दुसरी, घरात रोजची भांडणं. तिसरी, कोयता. चौथी, कोयत्यावर तिच्या गटाचं रक्त. पाचवी, हा गायब झाला." मग साखळी दोन बोटांत उचलून धरली. "कोर्ट म्हणतं, ही साखळी आरोपीपर्यंतच गेली पाहिजे. दुसऱ्या कोणापर्यंत जाण्याची वाटच उरली नाही पाहिजे." आणि त्यांनी मधली पिन काढली. दोन तुकडे टेबलावर पडले. "कोयता गेला. कोयता गेला म्हणजे रक्त गेलं. गायब झाला, तर घाबरून पळाला म्हणतील. राहिलं काय? बायकोशी भांडणारा नवरा आणि तिच्याबरोबर शेतात जाणारा नवरा. असे तर साक्री तालुक्यात घरोघरी आहेत."

बाविसाव्या परिच्छेदात कोयताच गेला होता. कोयत्याच्या जप्तीचा, चाचांच्या हातचा पंचनामा जागेवर, शेतात लिहिला असं तपास करणाऱ्या साहेबांनी शपथेवर सांगितलं होतं. दोन पंचांपैकी एक फितूर झाला. दुसऱ्याने उलटतपासात सांगून टाकलं की सही त्याने ठाण्यात केली. खंडपीठाने मूळ कागद मागवून पाहिला. बांधावर, वाऱ्यात, मांडीवर धरून लिहिलेल्या कागदाला ना घडी, ना डाग, ना एकही खोडलेला शब्द. मजकूरही साचेबंद. म्हणून या जप्तीवर विश्वास ठेवणं सुरक्षित वाटत नाही, असं न्यायमूर्तींनी लिहिलं होतं.

मी ते मराठीत सांगितलं. चाचा म्हणाले, "पुन्हा सांगा." मी पुन्हा सांगितलं. त्यांनी निकालाची पानं सारखी करून पिशवीत घातली.

"म्हणजे अक्षर चांगलं होतं, म्हणून?"

"फक्त तेवढ्यासाठी नाही, चाचा."

"बरोबर. पण तेवढ्यासाठीही."

त्यानंतर ते रोज येऊ लागले. खिडकीजवळची तिसरी खुर्ची त्यांची. निकालांचे जाडजूड खंड काढून घेत, इंग्रजी ओळीखाली बोट ठेवून वाचत आणि अडलं की माझ्याकडे येत. एखादा तरुण वकील जाता जाता टोमणा मारायचा, "काय चाचा, वकिलीची परीक्षा पास करताय का?" चाचा मान वर न करता म्हणत, "करतोय, पण तुमच्यासारखी वशिल्याने नाही." त्यांना एकच निकाल हवा होता, ज्यात जप्तीचा कागद सदोष असूनही आरोपीची शिक्षा कायम राहिली. तसे निकाल होते. नेमके उलटेही होते. "हे बघा," ते वैतागून म्हणत, "इथेही कोयता, तिथेही कोयता. इथे पंच फितूर, तिथेही फितूर. एक सुटला, एक आत. मग माणसाने कागद लिहायचा तरी कसा?" मी सांगायचो की प्रत्येक खटल्यातल्या बाकीच्या कड्या वेगळ्या असतात. ते ऐकून घेत आणि पुढचा खंड काढत. आपण शहाणपणाचं आणि निरुपयोगी बोलतो आहोत, हे मला त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहून कळायचं.

त्यांचं एक वाक्य पोलिसांत पूर्वीपासून प्रसिद्ध होतं. 'माणूस फितूर होतो, कोयता होत नाही.' नव्या शिपायांना ते हेच शिकवत. ग्रंथालयात एकदा कोणीतरी त्यांना त्याची आठवण करून दिली. चाचा म्हणाले, "खरंय. कोयता नाही झाला फितूर. मी झालो."

त्या दिवशी दुपारी त्यांनी मला सगळं सांगितलं. पंचनामा शेतात लिहिला होता, हे खरं होतं. चाचांनीच लिहिला, बांधावर उकिडवे बसून. वारा सुटलेला, कागद उडत होता, एका कोपऱ्यावर त्यांनी दगड ठेवला होता, त्या दगडाची माती कागदाला लागली. आरोपीने निरगुडीच्या जाळीत हात घालून कोयता काढला. मुठीला लांब केस चिकटलेले होते. ते पाहून दुसऱ्या पंचाला उलटी झाली आणि शिंतोडे कागदावरही आले. चाचांनी ते सगळं तसंच लिहिलं. मग ठाण्यात परतल्यावर टेबलाशी बसून, कोरे कागद घेऊन, त्याची स्वच्छ प्रत केली. उलटी गाळली. सरकारी कागदात ते बरं दिसत नाही. उडणारा कागद गाळला. केस मात्र 'मुठीस केसासारखे काही' असे ठेवले. पंचांना बोलावून पक्क्या कागदावर सह्या घेतल्या आणि कच्चा फाडून टाकला.

"का?" मी विचारलं.

"कोर्टापुढे घाण कागद कसा ठेवायचा?" ते म्हणाले. मग पेनाचं टोपण घट्ट करत, "तीस वर्षं तसंच केलं, भाऊ. सगळेच करायचे. साहेब शाबासकी द्यायचे. माझे पंचनामे नव्या पोरांना नमुना म्हणून दाखवायचे."

"तुम्ही कोर्टात सांगितलं नाही?"

"मी बाहेर बाकावर बसून होतो. साक्ष साहेबांची. रायटरला कोण विचारतं?" आणि मग, मी न विचारताच, "खरं सांगू? विचारलं असतं तरी मी 'जागेवरच लिहिला' म्हटलं असतं. तेव्हा."

मला त्यांची कीव आली नाही. चीड आली. एका माणसाने नीटनेटकेपणाच्या हौसेपायी नेमकं तेच पुसून टाकलं होतं ज्यावर कोणीही विश्वास ठेवला असता. उलटी करणारा पंच कोणी टेबलाशी बसून रचत नाही. पण त्याचबरोबर मी तो निकाल चार वेळा वाचला होता. त्या न्यायमूर्तींच्या जागी मी असतो तर दुसरं काय लिहिलं असतं? समोर बनवल्यासारखा दिसणारा कागद आहे आणि एका माणसाचं सगळं आयुष्य त्यावर टांगलेलं आहे. असेच चोख कागद खोट्या खटल्यांतही असतात. मी निकालाशी भांडू शकत नव्हतो आणि चाचांशीही नाही. हेच सर्वांत त्रासदायक होतं.

आम्ही दोघांनी मिळून एक टिपण तयार केलं. कोयत्याशिवाय उरलेल्या कड्या, जवळपासचे निकाल. सर्वोच्च न्यायालयात सरकारने अपील करावं म्हणून चाचा ते घेऊन सरकारी कचेऱ्यांचे जिने चढले. इथून म्हणाले, मुंबईला जातं. मुंबईहून म्हणाले, इथला अभिप्राय हवा. अभिप्राय गेला तेव्हा एक सही राहिली होती. मुदत टळत चालली होती आणि चाचा दर सोमवारी मला एवढंच सांगत, "अजून फाईल फिरतीवर." शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं, की प्रकरण अपिलास योग्य नाही. चाचांनी ते पत्र उजेडात धरून पाहिलं. "टायपिंग चांगलं आहे," म्हणाले.

मग एका सकाळी त्यांनी मला रजा काढायला लावली आणि आम्ही बसने पिंपळनेरला गेलो. जिजाअक्का तिथे भावाच्या घरामागच्या खोलीत राहत. स्टँडवर उतरलो आणि समोरच्या मोबाइलच्या टपरीतून एक चाळिशीचा माणूस हसत बाहेर डोकावला. "काय चाचा, बरं शे ना? या, चहा ल्या ना."

चाचा थांबले. "नको," एवढंच म्हणाले आणि चालू लागले. कोपऱ्याशी आल्यावर मला म्हणाले, "हाच तो." मी वळून पाहिलं. तो एका मुलीच्या फोनला काच लावून देत होता, अगदी काळजीपूर्वक, बुडबुडा राहू नये म्हणून बोटाने दाबत. तो खुनी आहे असं म्हणण्याचा मला काही अधिकार नाही. कायद्याने तो निर्दोष आहे. अक्का बाजाराला जाताना रोज त्याच टपरीवरून जातात.

अक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. चाचा समोर जमिनीवर बसले. सरकारने नकार दिल्याचं त्यांनी सांगितलं. अक्कांचे हात थांबले नाहीत. "मन्ही पोरले त्यानीच मारी टाकं," त्या म्हणाल्या. "बठ्ठा गावले माहीत शे. मंग कोर्टलेच कसं माहीत नही, चाचा?"

चाचांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अक्का, चूक मन्ही शे. शेतमा लिखेल कागद मी फाडी टाका. ठाणामा बठीसन दुसरा लिखा. तठेच तो सुटना."

आता हात थांबले. मला वाटलं, ही बाई आता ओरडेल, शिव्या देईल. मी तयारही होतो, चाचा तर त्यासाठीच आले होते. पण अक्कांनी सूप बाजूला केलं आणि साध्या आवाजात म्हटलं, "मंग आते लिखी दे ना खरा."

"आते त्याना काही उपयोग नही, अक्का. कोर्ट मानाव नही."

"कोर्टले नको. माले दे."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या पिशवीत कागद कायम असत. त्यांनी एक काढला, मी टेकायला वही दिली तर नको म्हणाले. मांडीवर धरून लिहू लागले. घाईने, ओळी चढत उतरत, शब्द खोडत. दगड, वारा, निरगुडी, केस, पंचाची उलटी. त्यांच्या हातून असं अक्षर मी कधी पाहिलं नव्हतं. एका ठिकाणी थांबून कपाळ चोळलं आणि 'आरोपी रडत होता' असं लिहिलं. ते मला सांगताना त्यांनी गाळलं होतं. लिहून झाल्यावर अक्कांना अहिराणीत वाचून दाखवलं. अक्कांनी कागद घेतला, घडी केली आणि आत जाऊन पत्र्याच्या पेटीत ठेवला.

परतीच्या बसमध्ये मी माझ्या स्वभावाप्रमाणे म्हणालो, "चाचा, हाही शेवटी आठवणीतून लिहिलेलाच कागद."

"माहीत आहे," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले. "कच्चा एकच असतो. तो मी फाडला."

पुढे ते ग्रंथालयात येत राहिले, पण खंड मागत नसत. वर्तमानपत्र वाचत. आता जप्ती करताना पोलीस मोबाइलवर चित्रीकरण करतात, हे त्यांनी त्यातच वाचलं. "बरं झालं," म्हणाले, "कॅमेऱ्याला अक्षर नसतं." हिवाळ्यात त्यांना धाप लागू लागली आणि महिनाभरात ते गेले. कब्रस्तानात मी इतरांबरोबर तीन मुठी माती टाकली. हात धुवायला नळ होता. मी धुतले नाहीत, तसाच कामावर आलो. नोंदवहीत त्या दिवशी माझ्या बोटांचे मातीचे ठसे उमटले. ते पान मी बदललेलं नाही.

गेल्या आठवड्यात जिजाअक्का ग्रंथालयात आल्या. चाचा गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. पदराच्या गाठीतून त्यांनी तो कागद काढला. रोज उघडून पाहून त्याच्या घड्या फाटत आल्या होत्या, मधली घडी तर दोन धाग्यांवर होती. "भाऊ," त्या म्हणाल्या, "कागद फाटी ऱ्हायना. चांगला अक्षरमा नवा लिखी दे."

मी कोरा कागद घेतला. पेन उघडलं. समोर चाचांच्या त्या वाकड्या ओळी होत्या, खोडलेला 'पश्चिमेस', त्यावर लिहिलेलं 'पूर्वेस', चिखलासारखा पसरलेला शाईचा डाग. पहिला शब्द मी लिहिलासुद्धा. मग पेन बंद केलं.

"काब?" अक्कांनी विचारलं.

"हा असाच राहू द्या, अक्का. मी सांधून देतो."

जुन्या पुस्तकांसाठी माझ्याकडे पातळ टिश्यू आणि मैद्याची खळ असते. कागद पालथा घालून मी एकेक घडी जुळवली, मागून पट्टी लावली. तुटलेला एकही शब्द हलू दिला नाही. मग वर कोरा कागद ठेवून, चाचा वाचत असत त्यातला निकालांचा सर्वांत जड खंड त्यावर ठेवला. अक्का ते सगळं पाहत खिडकीजवळच्या तिसऱ्या खुर्चीत बसल्या. ती खुर्ची कोणाची, हे मी त्यांना सांगितलं नाही.

"वाळाले कितला येळ?"

"तासभर तरी लागेल. तुम्ही चहा घेऊन या."

"नको," त्या म्हणाल्या. "बठस. कोर्टमा बठानी माले सवय शे."